आबांच्या नावावरची गाडी

आबांच्या गाडीला आयुष्यात अपघात झाला नव्हता. म्हणजे कागदावर झाला नव्हता. एरवी ती गोठ्याच्या खांबाला घासली होती, शेजाऱ्यांच्या ट्रॉलीला घासली होती, लग्नाच्या मांडवाची एक बल्ली तिनं आडवी केली होती आणि एकदा तर रस्त्यात शांतपणे उभ्या असलेल्या म्हशीला जाऊन ती भिडली होती. दर खेपेला आबा गाडी चौकातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेत. तो आतून ठोकून पत्रा सरळ करी, वरून पांढऱ्याच्या जवळपासचा रंग मारी, की झाली गाडी बिनडागी. उन्हात उभी केली तर तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाच्या चार-पाच तऱ्हा दिसत. पण आबा छातीवर हात ठेवून सांगत, "आपल्या नावावर येक बी क्लेम न्हाई."

चाकणहून राजगुरुनगरकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की आबांचं गाव लागतं. त्यांची जमीन कारखान्यांत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजले चढवले. त्यातल्या खोल्या कंपन्यांतल्या लोकांना भाड्यानं दिलेल्या. तिसऱ्या मजल्यावर मी होते. मी मूळची लातूरकडची. आईवडील गेले, भाऊ गावाकडचं घर धरून आहे, आणि आमचं बोलणं दिवाळीला होतं ते एकमेकांची तब्येत विचारून संपतं. लग्नाचं म्हणाल तर ते राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टींची लोक जितक्या आपुलकीनं चौकशी करतात तितकी झालेल्या गोष्टींची कुणी करत नाही, एवढं मात्र मी अनुभवानं सांगू शकते.

नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, सेफ्टी विभागात. आमच्याकडे एक पद्धत आहे. अपघात झाला तर कळवायचाच, पण होता होता राहिला तरी कळवायचा. त्याला निअर मिस म्हणतात. पायरीवर तेल सांडलेलं दिसलं, कुणाचा पाय सरकला पण पडला नाही, क्रेनचा हूक जरा जास्तच डुलला, की कार्ड भरून भिंतीवरच्या पेटीत टाकायचं. प्रत्येकानं महिन्याला एक तरी टाकायचं असा दंडक आहे. त्यामुळे महिनाअखेरीला लोक तेलाचे डाग शोधत फिरतात, आणि नाही सापडला तर एखादा स्वतःच पाडतो अशी मला दाट शंका आहे. तरीही माझा या पद्धतीवर विश्वास होता आणि अजून आहे. बारीक गोष्ट कळवली की मोठी टळते, हे मी इतक्या नव्या कामगारांना सांगितलंय की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन.

मोशीला वन-बीएचके घेतला आणि मी आबांची खोली सोडली. सामान उतरवून झाल्यावर आबा म्हणाले, "आता जायची-यायची कशी तू? माझी गाडी घे. मुलगा काय ह्या डब्यात बसंना झालाय." दर ठरला, व्यवहार झाला. कागद नावावर करून घ्यायचे असं मी म्हणाले तर त्यांनी मला वेड्यात काढलं.

"नावावर कशाला करती? माझ्याच नावानं ऱ्हाऊ दे की. विम्याला निम्मी सूट हाय मला. तुझ्या नावानं क्येली की गेली."

विम्याचं गणित असं असतं. वर्षभरात तुम्ही काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. अशी वर्षं साठत गेली की सूट वाढत वाढत निम्म्यावर येते. मग एका साध्या ओरखड्यासाठी जरी कंपनीकडे हात पसरला तरी ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात. आणि ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी ती विकणाऱ्याकडेच राहते, घेणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आमच्या पट्ट्यात सर्रास असं चालतं: गाडी एकाची, चालवणारा दुसरा, आणि सूट जाऊ नये म्हणून कागद जुन्याच मालकाच्या नावावर. हे बेकायदा आहे, धोक्याचं आहे, आणि सेफ्टी विभागातल्या बाईनं तर हे मुळीच करू नये. मी केलं. आबांनी एवढ्या आपलेपणानं सांगितलेलं मोडवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं.

गाडी त्यांच्या नावावर म्हणजे गाडीला जोडलेला फोन नंबरही त्यांचाच. टोलचे पैसे कापले की मेसेज त्यांना. सिग्नलला दंड झाला की मेसेज त्यांना. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी एकदा मी खोपोलीकडे गेले, तर दुपारच्या आत आबांचा फोन.

"एक्स्प्रेस-वेला गेल्तीस व्हय? सांगितलं न्हाईस."

"आबा, कामाला आले आहे. तुम्हाला सांगून जायला मी काय शाळेत आहे?"

"तसं न्हाई. मेसेज आला म्हणून इचारलं. हळू चालव. तिचा डावा बिरेक जरा कमी धरतो."

मला राग यायचा. चाळिशी ओलांडलेल्या बाईवर ही कसली पाळत, असं मी मैत्रिणीला फोनवर सांगायचे. सांगताना आवाजात थोडा तोरा असायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग ती सकाळ आली. पहिल्या शिफ्टला निघाले होते. चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी जे असतं ते होतंच: कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रेलर, दुचाकींचा लोंढा, आणि सगळ्यांना एकाच वेळी आधी जायचं. एका कंपनीच्या बसनं माझ्या डाव्या बाजूनं नाक घातलं आणि मागचं दार हँडलपासून शेवटपर्यंत घासत नेलं. ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले, "सॉरी ताई" म्हणाला आणि मागच्यांच्या हॉर्नच्या कल्लोळात निघून गेला. इथं सगळे हेच करतात. हात जोडायचे, नाहीतर शिव्या घालायच्या, आणि पुढं जायचं.

मी मात्र कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, विम्याचा कागद काढला आणि त्यावरच्या नंबरला फोन केला. मला दुसरं काही सुचलंच नाही. घटना घडली, कळवायची. पलीकडे एक मुलगी हिंदीत गोड बोलत होती. गाडीचा नंबर, कुठं घडलं, कसं घडलं, कुणाला इजा झाली का, सगळं विचारलं. मग म्हणाली, गाडी तर एका गृहस्थांच्या नावावर आहे, ते तुमचे कोण? मी म्हणाले, "घर के ही हैं." तिनं काही न विचारता ते लिहून घेतलं असावं. मला मात्र दिवसभर ते वाक्य आठवत राहिलं.

आमच्याकडे शॉपफ्लोअरवर मोबाईल नेता येत नाही. तो गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवून मी आत गेले. इकडे नियमाप्रमाणे मेसेज गेला तो कागदावरच्या नंबरला. आबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी तो गावातल्या औषधाच्या दुकानदाराला दाखवला. दुकानदार म्हणाला, "तुमच्या गाडीला अ‍ॅक्सिडेंट झालाय. क्लेम नोंदवलाय. बाकी काही लिहिलेलं नाही." आबांनी मला फोन लावला. पुन्हा लावला. लॉकरमध्ये तो वाजत राहिला.

शिफ्ट सुटल्यावर मी बाहेर आले तर गेटाशी सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालत आबा उभे. टोपी हातात, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. त्यांनी मला पाहिलं. मग वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं, हात, पाय, डोकं, जसं कुणी बाजारातून आणलेली वस्तू फुटली तर नाही ना बघतं. आणि मग त्यांचा बांध फुटला.

"फोन उचलाया काय हात मोडला व्हता का तुझा? सकाळपासनं लावतोय! जीपात बसून आलो हितं. तीन दवाखानं पालथं घातलं म्या. परत्येक ठिकाणी इचारतोय, लातूरकडची बाई आली का, उंच हाय, चष्मा हाय. ती नर्स म्हणती नाव सांगा, नातं काय सांगा. काय नातं सांगू? म्हणलं, गाडी माझी हाय!"

शिफ्टची माणसं थांबून बघायला लागली. माझ्या हाताखालचे लोक, ज्यांना मी हेल्मेट नीट घातलं नाही म्हणून झापते, ते बघत होते. मला लाज वाटायला हवी होती. उलट मी त्यांच्यावरच ओरडले, की उन्हात असं फिरायचं वय आहे का तुमचं. कारखाने, वसाहती, चौक, एवढी लाखो माणसं या पट्ट्यात, आणि त्यातल्या एकाला मी दिवसभर सापडत नव्हते. मला कुणी शोधावं असं माझ्या बाबतीत फार वर्षांत घडलं नव्हतं.

टपरीवर चहा पाजला तेव्हा त्यांचा राग उतरला. मग म्हणाले, गाडी दाखव. मी पार्किंगमधून आणून दाखवली. त्यांनी दारावरून हात फिरवला, बोटाला थुंकी लावून ओरखडा घासून पाहिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

"ह्येवढं? ह्येवढ्यासाठी कळवलं?"

"कळवायचं असतं आबा. बारीक असलं तरी."

"कंपनीत असंल. पोरी, बारीकसारीक आपल्या आपल्यात मिटवायचं असतंय. सांगितलं की त्येचं मोठं हुतं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "आता माझ्या नावावर क्लेम पडला."

एवढ्या म्हशी-बल्ल्या पचवून सांभाळलेलं त्यांचं नाव मी एका सकाळीत घालवलं होतं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्यांना सोडायला गावापर्यंत गेले. मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

दोन दिवसांनी आबांच्या मुलाचा फोन आला. तो प्लॉटिंगचं काम करतो, बोलायला सभ्य आहे. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. आम्ही आबांच्या नावानं नवीन गाडी घेतोय. त्यांची सूट तिकडं फिरवायची होती. हा क्लेम पास झाला तर सगळं शून्य होतंय बघा." मी माफी मागितली. त्याच्या एजंटनं तोड सांगितली. अजून नुकसान बघायला सर्व्हेअर यायचा आहे, पैसे घेतलेले नाहीत, क्लेम मागे घ्या, सूट सहसा शाबूत राहते. आबांनी सही केली, क्लेम मागे गेला आणि त्यांचं नाव पुन्हा स्वच्छ झालं. दार मी त्याच चौकातल्या माणसाकडून ठोकून घेतलं. गाडीवर पांढऱ्याची आणखी एक तऱ्हा आली.

मुलाचं बोलणं मात्र संपलेलं नव्हतं. "आणि मॅडम, आता गाडी तुमच्या नावावर करून घ्या. हे दारावर निभावलं. उद्या खरंच कुणी गाडीखाली आलं तर कोर्टाची पायरी आबांना चढावी लागेल."

त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल असतं तर हे मीच आधी बोलले असते. आरटीओत आबा माझ्याबरोबर आले, जिथं सांगितलं तिथं सही करत गेले आणि काम आटोपल्यावर म्हणाले, "चला, सुटलो." परतीच्या वाटेवर ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते. विमा माझ्या नावावर झाला, टोलच्या मेसेजसाठी माझा नंबर लागला. एजंट म्हणाला, "मॅडम, तुमचं शून्यापासून सुरू. काळजीपूर्वक चालवा, होतील वर्षं." हप्ता वाढला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. सगळं कायद्यानं व्हायला हवं तसं झालं होतं, आणि सेफ्टीवाल्या बाईला यापरतं काय हवं?

पण आबांचे फोन थांबले. ते रागावले वगैरे नव्हते. त्यांच्या पिढीच्या माणसाला फोन करायला कारण लागतं. कशी आहेस, काय करतेस असं विचारायला ते फोन करत नाहीत, ते त्यांना पोरकटपणाचं वाटतं. मेसेज आला की त्यांना कारण मिळायचं, आणि आता मेसेज येत नव्हते. माझंही तेच. भाड्याची खोली नाही, गाडीचा कागद नाही, मग काय म्हणून फोन लावायचा? सुरुवातीला मी मोकळं वाटल्याचं नाटक केलं. रविवारी लोणावळ्याला एकटीच जाऊन आले, चिक्की घेतली, परत आले. कुणीही विचारलं नाही की का गेलीस, कुणाबरोबर गेलीस, ब्रेक नीट धरतोय का. घरी आल्यावर चिक्कीचं पुडकं ओट्यावर ठेवलं आणि मला इतकं एकटं वाटलं की दिवा न लावता तशीच बसून राहिले. एकटी मी आधीही होते. पण आधी मी कुठं आहे हे एका माणसाला माहीत असायचं.

पुढं काही महिन्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागं घेताना मी खांबावर नेली. चूक सर्वस्वी माझी, बस नाही, ट्रेलर नाही. मागचा बंपर आत गेला, आणि हिसक्यानं माझा हात स्टिअरिंगमध्ये असा पिरगळला की डोळ्यांपुढं तारे चमकले. दुपारची वेळ होती, पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. वॉचमन टाकीवर गेला होता. मी उतरले, बंपर पाहिला, खांब पाहिला. मनगट सुजायला लागलं होतं. विम्याला कळवायचा विचारही मनात आला नाही. इतकी मी इथली झाले होते. पण कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. मैत्रीण सासरच्या माणसांत असणार. भावाला सांगितलं तर तो आधी दिवाळी कधी आहे ते बघेल. डाव्या हातानं मी आबांना फोन लावला.

आबांच्या मागं बराच गलका होता. नव्या गाडीतून सगळे कुलदैवताला निघाले होते.

"बोल गं पोरी! आवाज येतोय का? नव्या गाडीत हाय मी. फुडं बसलोय. काय गार हवा येती हिच्यात!"

"वा! आबा, अहो, मी गाडी खांबावर नेली. बारीक आहे तसं. बंपर गेला जरा."

"आरारा! मग? इम्याला न्हाई ना कळवलंस?"

"नाही."

"शाबास! शिकलीस बघ. ह्येवढ्या-तेवढ्याचं सांगत बसायचं नसतं कुणाला. चौकातल्याकडं ने, माझं नाव सांग, कमी घील." मग कुणाला तरी काहीतरी म्हणाले आणि पुन्हा फोनवर येऊन ओरडले, "ठेवतो गं. परसाद पाठवतो कुणाबरोबर तरी."

त्यांचं काही चुकलं नाही. बारीक आहे असं मीच म्हणाले होते, हसत म्हणाले होते, हाताचं तर बोललेच नव्हते. आणि त्यांनी मला नवं काही शिकवलं नव्हतं, पहिल्यापासून ते हेच सांगत आले होते. मी वर आले, फ्रीजमधला बर्फ रुमालात गुंडाळला, मनगटावर धरला आणि खुर्चीत बसले. बर्फ विरघळून ओघळ कोपरापर्यंत आला तरी धरून बसले. मला क्लेम नको होता. मला फक्त कळवायचं होतं.